कचेरीतला शेजारधर्म



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण दरवर्षी भरवता ते गृहस्थ ग्रंथकार नव्हते, पुढारी नव्हते, आणि ज्यांच्या देणगीतून धर्मशाळा उभी राहावी असे धनिकही नव्हते; ते एका तालुका कचेरीत अव्वल कारकून होते, आणि ३३ वर्षांच्या चाकरीत त्यांच्या हाताखालून जी माणसे गेली त्यांनी, ती पुढे कोठकोठे पांगलेली असताही, आपसांत वर्गणी काढून त्यांचे स्मारक करण्याचे मनावर घेतले. त्या माणसांपैकी मी एक आहे. वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी सलोख्याचे संबंध कसे जुळतात या विषयावर बोलावे, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा मी तत्काळ होकार कळवला, तो अशासाठी की, या विषयात मला जे काही कळले ते त्यांच्या टेबलाशेजारी बसून कळले, आणि जे कळूनही वळले नाही त्याचा त्रासही त्यांनाच सोसावा लागला. या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू. ते त्यांचे नाव नव्हे. आमच्या मुलखात कारकुनाला भाऊसाहेब आणि मामलेदाराला रावसाहेब म्हणण्याचा प्रघात होता. मामलेदाराचा पुढे तहसीलदार झाला तरी पायरीवर बसलेला म्हातारा शेतकरी ‘रावसाहेब आले का?’ असेच विचारी. ‘भाऊसाहेब’ या शब्दाकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. त्यातला ‘भाऊ’ माणसाला जवळ ओढतो आणि त्यातलाच ‘साहेब’ त्याला योग्य तेवढ्या अंतरावर उभा करतो. कचेरीत पहिल्याप्रथम स्त्रिया नोकरीला आल्या तेव्हा त्यांना काय म्हणावे याचा संभ्रम आम्हां पुरुषांना पुष्कळ दिवस पडला होता. कोणी नुसते ‘बाई’ म्हणत, कोणी संबोधन टाळून कागदच पुढे सरकवीत. भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी नावापुढे ‘ताई’ लावून हाक मारली, कामाचे टेबल दाखवले, आवक-जावक कागदांच्या बारनिशीचे रजिस्टर पुढे ठेवले, आणि ज्या ठिकाणी ओशाळेपणा सुरू व्हावयाचा त्या ठिकाणी काम सुरू झाले.

निरोपसमारंभात एक वाक्य आपण हमखास ऐकतो, की आमची कचेरी म्हणजे एक कुटुंब होते. बोलणाऱ्याचा भाव शुद्ध असतो, याविषयी मला शंका नाही; परंतु ही उपमा मला कधीच मानवली नाही. कुटुंबात वडिलांच्या रागावर अपील नसते, धाकट्याच्या श्रमाचा हिशेब मागणे हा उद्धटपणा ठरतो, आणि थोरल्याने केलेला अन्याय घराच्या अब्रूखाली झाकून ठेवण्याची रीत असते. ज्या वरिष्ठाला हाताखालच्यांनी आपल्याला मायबाप म्हणावे असे वाटते, त्याला बहुधा त्यांनी हक्काने काही मागू नये असेही वाटत असते. आणि जो कनिष्ठ साहेबांच्या घरच्या मंगलकार्यात पंगती वाढून वडिलांची मर्जी संपादन करू पाहतो, त्याला कामातला मतभेद उघडपणे सांगण्याचे बळ पुढे उरत नाही.

मग मैत्री हा पाया धरावा काय? हा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण मैत्रीइतकी मोठी वस्तू दुसरी नाही, आणि ती पुरी पडत नाही असे म्हणताना जीभ अडखळते. येथे आपल्याच इतिहासातले एक प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे येते. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्या पाठोपाठ आगरकर त्यात येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावरील लिखाणाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला होऊन १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले, आणि त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले. कॉलेजच्या दिवसांपासूनचे दोन मित्र, एक ध्येय, एक तुरुंग, एक संस्था. एवढे भांडवल किती सहकाऱ्यांच्या वाट्याला येते? असे असूनही १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, वर्षभरात ‘सुधारक’ काढला, आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

समाजसुधारणेच्या प्रश्नावरील त्यांचा मतविरोध सर्वश्रुत आहे. परंतु संस्थेच्या चार भिंतींच्या आत जे तुटले ते पुष्कळसे रुक्ष व्यवहाराच्या मुद्द्यांवर तुटले: आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची कामे पत्करावी की नाही, बाहेरून होणाऱ्या प्राप्तीचे काय करावे, वेतन किती असावे, कोणाचा किती वेळ संस्थेचा. आरंभीचा संकल्प स्पष्ट होता असे एका बाजूचे म्हणणे, आणि संसाराच्या गरजा पाहून त्याचा अर्थ लावला पाहिजे असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंची माणसे निःस्वार्थी होती, यातच त्या प्रकरणाची शोकान्तिका आहे. मला असे वाटते की, मित्र एकमेकांना इतके ओळखत होते म्हणूनच, अनोळखी माणसांनी पहिल्या दिवशी जे बोलून घेतले असते ते त्यांनी पुरते बोलून घेतले नाही. आणि जे वेळेवर बोलायचे राहिले ते पुढे कटू होऊन बाहेर आले. १८९५ च्या जूनमध्ये, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, आगरकर गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला.

कुटुंब आणि मैत्री हे दोन्ही पाये पुरे पडत नसतील, तर आता शेजाराकडे येऊ. ज्यांनी आपले बालपण वाड्यात काढले आहे त्यांना शेजारधर्म म्हणजे काय हे मी सांगण्याची गरज नाही. शेजारी आपण निवडलेला नसतो. त्याचा देव निराळा, त्याची भाजी निराळी, त्याच्याकडची पाहुणेमंडळी आपल्या पसंतीची असतातच असे नाही. परंतु भिंत एक, नळ एक, जिना एक. म्हणून नळावर आपली घागर भरताच ती उचलून बाजूला ठेवायची, जिना आपल्या पाळीला झाडायचा, शेजाऱ्याच्या घरात भांडण चालले असेल तर आपले दार लोटून घ्यायचे, आणि रात्री-अपरात्री त्याने हाक मारली तर अंगावरच्या वस्त्रानिशी धावायचे. गावाला जाताना किल्ली त्याच्याकडे ठेवायची. पण त्याने ती किल्ली लावून आपल्या फडताळातले डबे उघडून पाहावयाचे नाहीत. प्रेमाची सक्ती येथे नाही. पुष्कळदा ते मागाहून येतेच, पण ते येवो वा न येवो, घागर उचललीच पाहिजे.

भाऊसाहेब कचेरीत नेमके असेच वागत. १९५८ साली मी उमेदवारी संपवून त्यांच्या हाताखाली रुजू झालो तेव्हा पहिला धडा मला मिळाला तो एका प्रकरणाच्या बांधणीचा. मी अर्जावर टिप्पणी लिहून, खाली ‘आदेशार्थ सादर’ असे ठसठशीत अक्षरांत काढून, कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी काही न वाचता प्रकरण उलटेपालटे करून पाहिले, दोरा सोडला, कागद तारखेच्या क्रमाने लावले, ज्या मागच्या हुकुमाचा मी टिप्पणीत उल्लेख केला होता त्या पानाला पताका लावली, आणि मग म्हणाले, “रावसाहेबांना हा हुकूम शोधायला किती वेळ लागला असता? तेवढा वेळ तुम्ही त्यांचा घेणार होता, आणि वर त्यांनी तुम्हांला हुशार म्हणावे अशी अपेक्षा करणार होता.” हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. पुढे ते असेही म्हणाले, की आपल्या हातचा कागद ज्याच्याकडे जायचा तो वर असो की खाली असो, तो आपला शेजारी. त्याच्या दारात केर लोटायचा नाही.

समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मोक्षाचा मार्ग सांगणाऱ्या ग्रंथात अक्षर कसे असावे, ओळींत अंतर किती असावे, याचा इतका बारीक विचार कशासाठी, असे मला तरुणपणी वाटे. पण त्यातली एक सूचना पाहा: पानाच्या चहूबाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे काळाने कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का पोचणार नाही. ज्याने हे सांगितले त्याच्या मनापुढे, आपल्यानंतर कित्येक वर्षांनी ते पान हाती घेणारा, नाव-गाव माहीत नसलेला एक वाचक होता. दप्तरखान्यात पन्नास वर्षांपूर्वीचे फेरफाराचे रजिस्टर उघडावे, आणि कोण्या अज्ञात कारकुनाने खाडाखोड न करता, नोंदीखाली नोंद, संशयाला जागा न ठेवता लिहिलेली दिसावी, तेव्हा त्या माणसाविषयी जी कृतज्ञता दाटून येते ती मी वारंवार अनुभवली आहे. तोही सहकारीच. त्याची-आमची गाठ पडली नाही, एवढेच.

वरिष्ठाशी संबंध हा मात्र अधिक नाजूक विषय, कारण तेथे एका बाजूच्या लेखणीत बळ असते: रजा त्याच्या हाती, बदलीची शिफारस त्याच्या हाती, गोपनीय अहवालातला शेरा त्याच्या हाती. येथे बहुतेक माणसे दोन टोकांपैकी एकीकडे झुकतात. काही हांजी हांजी करतात; काही आपला स्वाभिमान सिद्ध करण्यासाठी चारचौघांत साहेबांना उलट उत्तर देतात आणि त्या उत्तराची गोष्ट सेवानिवृत्तीपर्यंत सांगतात. भाऊसाहेबांची रीत निराळी होती, आणि तिचे साधन होते पेन्सिलीची चिठ्ठी. मामलेदाराकडे सहीला जाणाऱ्या प्रकरणात काही चुकते आहे असे त्यांना वाटले, तर टिप्पणीत ते नियमाला धरून आपले मत लिहीतच. पण त्यापूर्वी दोन बोटे रुंदीच्या एका कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीने चार शब्द लिहून तो टाचणीने पहिल्या पानाला लावीत: ‘मागील साली उलट हुकूम झाला आहे’, ‘अर्जदार व पाटील यांचे वितुष्ट आहे’, ‘आज सही करू नये, उद्या बोलेन’. साहेबांनी ती वाचावी आणि फाडून टाकावी. तिची नोंद कोठे होत नसे, तिचे श्रेय कोणाला मिळत नसे, आणि साहेबांची चूक होता होता टळली हे पट्टेवाल्यालाही कळत नसे. इतके करूनही साहेबांनी वेगळाच हुकूम दिला, आणि तो बेकायदा नसला, तर भाऊसाहेब तो असा बजावीत की जणू तो त्यांच्याच मनातला होता. वरिष्ठाशी प्रामाणिकपणे वागणे म्हणजे काय, याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

याच्या उलट बाजूला वरिष्ठाचेही देणे असते, आणि ते पगारपत्रकात येत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या देखरेखीखाली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे काम तरुण वयात केले. त्यांच्याकडून अर्ज-विनंत्यांचे मसुदे करून घ्यावेत, ते तपासावेत, पुन्हा लिहावयास लावावेत, असा तो क्रम होता. सरकार या श्रमपूर्वक लिहिलेल्या अर्जांना दोन ओळींचे उत्तर देऊन वाटेला लावते, मग एवढा खटाटोप कशाला, असे गोखल्यांनी एकदा विचारले तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावले, की हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात. वस्तुतः ते लोकांसाठी आहेत, लोकांना या विषयांवर विचार करण्याची सवय लागावी म्हणून आहेत. ही आठवण गोखल्यांनीच सांगून ठेवली आहे. कनिष्ठाच्या नैराश्याला रानड्यांनी धमकावले नाही की नुसते गोंजारले नाही. ज्या कामात तो झिजत होता त्याचे प्रयोजन त्याच्या हाती दिले. ‘सांगितले तेवढे करा’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला काम मिळते. प्रयोजन सांगणाऱ्याला माणूस मिळतो.

आणि त्याच गोखल्यांच्या चरित्रातला १८९७ चा कठीण प्रसंग या विषयात आल्यावाचून राहत नाही. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले होते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी इकडील मित्रांनी कळवलेला मजकूर त्यांनी तेथे जाहीर केला. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला आणि तो देता येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे पुढे करून निम्मा भार त्यांच्या माथी घालणे शक्य होते. गोखल्यांनी एकाचेही नाव उघड केले नाही, आणि स्वतःच्या नावाने बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी त्यांना पुण्यात फार बोल सोसावे लागले. त्या माफीच्या राजकीय शहाणपणाविषयी मतभेद होऊ शकतील. पण ज्या माणसाबरोबर काम करावयाचे तो संकटाच्या वेळी आपले नाव पुढे ढकलील की आपल्यापुढे उभा राहील, हा प्रश्न प्रत्येक सहकाऱ्याच्या मनात न बोलता वसत असतो, आणि त्याचे उत्तर असे एखाद्याच प्रसंगी मिळते.

मला ते उत्तर १९५९ च्या जुलैत मिळाले. महसुली वर्ष ३१ जुलैला संपते, आणि त्या महिन्यात कचेरीत कोणाला मान वर करायला फुरसत नसते. तगाईच्या, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या सरकारी कर्जाच्या, वसुलीच्या खतावणीत एका गावची रक्कम मी दुसऱ्या गावच्या खाती चढवली, बेरीज जुळली म्हणून ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही, आणि दफ्तर तपासणीला आलेल्या प्रांतसाहेबांनी नेमके तेच पान उघडले. हे कोणी लिहिले, असे त्यांनी विचारले. मी उठून उभा राहत होतो, तोच भाऊसाहेब म्हणाले, “लिहिणारा नवीन आहे. तपासणीची सही माझी आहे, तेव्हा चूक माझी.” त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. संध्याकाळी सारे गेल्यावर त्यांनी मला कंदिलाच्या उजेडात बसवून ती खतावणी पहिल्या पानापासून तपासायला लावली, आणि रात्री दहापर्यंत स्वतः समोर बसून राहिले. मला रागावण्याचे काम त्यांनी एकाच वाक्यात उरकले: “आज मी होतो.”

अशा माणसाशी मी कसा वागलो, ते आता सांगतो. पुढे स्पर्धापरीक्षा देऊन मी तहसीलदार झालो, आणि १९७१ साली योगायोगाने माझी नेमणूक त्याच तालुक्याला झाली. भाऊसाहेब अद्याप अव्वल कारकून होते. मी खुर्चीत बसलो त्या दिवशी त्यांनी मला ‘रावसाहेब’ म्हटले, आणि मी नको नको म्हणत असताही ते शेवटपर्यंत बदलले नाही. दुसऱ्या वर्षी, १९७२ साली, तो दुष्काळ पडला. पाझर तलावांची कामे, रस्त्यांची कामे, खडी फोडण्याची कामे. रोज सहस्रावधी माणसांची हजेरी, त्यांचे हजेरीपट, त्यांची मजुरी. एका कामावर दोन आठवडे मजुरी पोचली नाही. मी जीपने तेथे गेलो तेव्हा बायका पदरात खडीचे तुकडे घेऊन माझ्याभोवती उभ्या राहिल्या, एकीच्या हाताची दोन बोटे चिंधीने बांधलेली होती, आणि त्या काही बोलत नव्हत्या. त्या न बोलण्याने माझा तोल गेला. बरोबर आलेल्या भाऊसाहेबांना मी त्या साऱ्यांच्या देखत, हजेरीपट वेळेवर न पाठवल्याबद्दल, आज उच्चारण्याची लाज वाटावी अशा शब्दांत बोललो. त्यांनी मान खाली घातली नाही आणि उत्तरही दिले नाही. कचेरीत परतल्यावर पाहतो तो हजेरीपट माझ्याच टेबलावर, दौऱ्याच्या कागदांखाली, सहीवाचून पडलेले होते. त्यांनी ते आठ दिवसांपूर्वी ठेवले होते.

मी त्यांना आत बोलावून क्षमा मागितली. “असू द्या, रावसाहेब,” ते म्हणाले. कामात काडीचाही फरक पडला नाही. प्रकरणे वेळेवर येत, पताका जागच्या जागी असत, टिप्पण्या निर्दोष असत. परंतु पेन्सिलीची चिठ्ठी येईनाशी झाली. हे माझ्या ध्यानात यायला महिना लागला, आणि ध्यानात आल्यावर मला जे एकाकीपण वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे: पन्नास माणसांच्या कचेरीत, सगळे नियमाप्रमाणे चालू असताना, मला सावध करणारे कोणी उरले नव्हते. मी शब्द वापरले होते चारशे माणसांपुढे, आणि ते परत घेतले होते बंद दाराआड; हिशेब जुळणार कसा?

पुढच्या मजुरीवाटपाच्या दिवशी मी त्याच कामावर गेलो. माणसे रांगेने बसली होती, भाऊसाहेब हजेरीपट उघडून नावे पुकारण्याच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवले आणि मोठ्याने सांगितले, की मागच्या खेपेला तुमची मजुरी थकली ती माझ्यामुळे थकली, कागद माझ्या टेबलावर होते, आणि त्या दिवशी मी यांना जे बोललो ते खोटे होते. कोणी काही बोलले नाही. चिंधी बांधलेल्या बाईने शेजारणीकडे पाहिले. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, “रावसाहेब, उन्हात उभे राहू नका,” असे म्हणाले, आणि पहिले नाव पुकारले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, सहीच्या गठ्ठ्यात वरच्याच हजेरीपटाला टाचणी टोचलेली होती. दोन बोटे रुंदीचा कागद, पेन्सिलीचे अक्षर: ‘सहीपूर्वी मागील पान पाहावे.’ मी पान उलटले. बेरजेत सात मजुरांची हजेरी गळली होती. हजेरीपट परत गेला, दुपारी दुरुस्त होऊन आला, आणि शनिवारी त्या सात जणांना त्यांची आठवड्याची मजुरी मिळाली.